दोघांचा डाव: ऑनलाइन हेड्स-अप पोकर आणि हार-जितीच्या लाटा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी मूळचा पुण्याचा, आता न्यू जर्सीत राहतो. इथे ऑनलाइन पोकर नोव्हेंबर २०१३ पासून कायदेशीरपणे चालू आहे, आणि गेली काही वर्षं मी छोट्या रकमांवर फक्त हेड्स-अप खेळतो. भाचे, त्यांचे मित्र आणि इथली मराठी मंडळी तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे. कोणती पानं कोणापेक्षा मोठी, फ्लॉप-टर्न-रिव्हर म्हणजे काय, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरलं आहे.

हेड्स-अप म्हणजे दोघांचं टेबल, एवढंच ना? मग वेगळं शिकायचं काय?

नऊ जणांच्या टेबलावर ब्लाइंड (पानं बघण्याआधीच सक्तीने भरायची रक्कम; लहान ती स्मॉल ब्लाइंड, मोठी ती बिग ब्लाइंड) भरायची पाळी नऊ डावांत दोनदा येते. उरलेल्या डावांत पानं टाकून स्वस्थ बसता येतं. हेड्स-अपमध्ये ती सोय नाही. प्रत्येक डावात तुमचे पैसे आधीच मधे पडलेले असतात आणि समोर एकच माणूस असतो. वाट बघत बसलात तर तो तुमच्या ब्लाइंड एकेक करून उचलून नेतो.

दुसरा फरक बटणाचा, म्हणजे पानं वाटणाऱ्याची जागा दाखवणाऱ्या चकतीचा. दोघांच्या खेळात बटण ज्याच्याकडे, तोच स्मॉल ब्लाइंड भरतो. फ्लॉपच्या आधी तो पहिला बोलतो आणि फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत शेवटी. समोरच्याने काय केलं ते बघून ठरवायला मिळणं ही या खेळातली सगळ्यात मोठी मालमत्ता आहे, आणि ती एक डाव तुमच्याकडे, एक डाव त्याच्याकडे अशी फिरते. म्हणून बटणावर असताना बरंच खेळा, नसताना जपून खेळा. पहिला महिना एवढं जमलं तरी पुष्कळ आहे.

भारतात बसून पैसे लावून ऑनलाइन खेळता येईल का?

नाही. ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ त्याने बंद केले, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पोकरच्या भारतीय साइट्सनी त्याच महिन्यात पैशांची टेबलं बंद केली. कायद्याचा रोख चालवणारे, जाहिरात करणारे आणि पैशांची देवाणघेवाण करून देणारे यांच्यावर आहे, खेळणाऱ्यावर नाही. म्हणून काही जण व्हीपीएन लावून परदेशी साइटवर जातात. माझं स्पष्ट सांगणं आहे की जाऊ नका. तिथे पैसे अडकले तर दाद मागायला दार नसतं.

गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर समोरासमोर पोकर चालतो. त्याला गोव्याचा १९७६ चा वेगळा कायदा लागू आहे, आणि तो या पानाचा विषय नाही. भारतात राहणाऱ्यांनी खाली जिथे 'पैसे' म्हटलं आहे तिथे 'चिप्स' वाचावं.

पैशांशिवाय खेळून काही शिकता येतं?

हो, पण फुकटच्या चिप्स कोणी जपून वापरत नाही, हे लक्षात ठेवून. अनोळखी लोकांच्या फुकट टेबलावर समोरचा दर दुसऱ्या डावाला ऑल-इन करतो, म्हणजे सगळ्या चिप्स लावतो, त्यातून काही हाती लागत नाही. ठरवून एक मित्र धरा, दोघांना ठरावीक चिप्स द्या, महिनाभर हिशेब ठेवा. चिप्स संपल्या की महिना संपला. ही एक अट घातली की माणूस खरा खेळायला लागतो.

किती पानं खेळायची? मी चांगली पानं येईपर्यंत थांबतो.

इथेच बहुतेकांचं चुकतं. दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात. एक्क्यांची जोडी २२१ डावांत एकदा येते, कुठलीही जोडी साधारण १७ डावांत एकदा. आणि हातातली दोन पानं वेगवेगळी असतील तर फ्लॉपवर निदान एक जोडी जुळण्याची शक्यता जेमतेम एक-तृतीयांश. म्हणजे बहुतेक डावांत तुमच्याकडे काही नसतं आणि त्याच्याकडेही काही नसतं. कोण आधी सोडतो, एवढाच प्रश्न असतो.

राणी-सत्ता, वेगवेगळ्या चिन्हांची, हा हात नऊ जणांत बघताक्षणी टाकायचा. पण कुठल्याही दोन अनोळखी पानांपुढे तो निम्म्याहून किंचित जास्त वेळा जिंकतो. दोघांच्या खेळात तो चांगला हात आहे. संगणकाच्या हिशेबाप्रमाणे शंभर बिग ब्लाइंड समोर असताना बटणावरून साधारण ८० टक्के हात खेळायचे असतात. नवशिक्याने ७० टक्क्यांपासून सुरुवात करावी. अगदीच निकामी पानं टाकावीत, बाकीच्यांवर दोन ते अडीच ब्लाइंडचा रेज करावा, म्हणजे बोली तेवढी वाढवावी.

बिग ब्लाइंडवर असाल तर वेगळा हिशेब. समोरच्याने दुप्पट केलं तर पॉटमध्ये (मधे जमलेल्या रकमेत) तीन ब्लाइंड असतात आणि तुम्हाला एक भरायचा असतो. चारात एक, म्हणजे २५ टक्के वेळा जिंकलात तरी बरोबरी. म्हणून तिथेही सढळ हाताने कॉल करावा लागतो, म्हणजे तेवढेच पैसे भरून डावात राहावं लागतं. २५ टक्के जिंकण्याची ताकद बहुतेक पानांत असते. फक्त फ्लॉपनंतर तुम्हाला आधी बोलावं लागणार आहे, तेवढी सूट धरा.

संगणकाने हा खेळ सोडवला म्हणतात. मग शिकून उपयोग काय?

या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण हार-जितीचं सगळं गणित इथूनच समजतं.

जवळजवळ पूर्ण सोडवला गेला तो लिमिट प्रकार, जिथे बोलीची रक्कम ठरलेली असते. अल्बर्टा विद्यापीठाच्या 'सेफियस' या प्रोग्रॅमने ते काम केलं आणि जानेवारी २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. नो-लिमिट, जिथे हवी तेवढी बोली लावता येते, हा त्याहून कितीतरी अफाट. त्यासाठी कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या टुओमास सँडहोम यांच्या गटाने २०१५ मध्ये 'क्लॉडिको' नावाचा प्रोग्रॅम चार नामांकित खेळाडूंसमोर बसवला. ८०,००० डाव झाले. माणसं ७,३२,७१३ चिप्सनी पुढे राहिली. तरीही संशोधकांचं म्हणणं होतं की एवढ्या फरकावरून माणसं सरस आहेत असं संख्याशास्त्राच्या कसोटीवर छातीठोकपणे सांगता येत नाही.

जानेवारी २०१७ मध्ये तोच गट 'लिब्राटस' घेऊन पिट्सबर्गच्या रिव्हर्स कॅसिनोत आला. वीस दिवस, १,२०,००० डाव, समोर पुन्हा चार व्यावसायिक. या वेळी यंत्राने १७ लाखांहून जास्त चिप्सनी सामना जिंकला. नशिबाचा भाग कमी करायला त्यांनी प्रत्येक डाव दोनदा वाटला होता: एका खोलीत जी पानं माणसाला, तीच दुसऱ्या खोलीत यंत्राला. एवढा खटाटोप करून, लाखावर डाव खेळून, तेव्हा कुठे कोण सरस हे ठरलं.

आता तुमची कालची दोनशे डावांची बैठक आठवा. तिच्यावरून तुम्ही स्वतःबद्दल काय ठरवलंत?

उपयोगाचं म्हणाल, तर तुमच्या समोर लिब्राटस बसलेला नाही. समोरचा माणूस दमतो, चिडतो, घाबरतो. फक्त त्याला मदत करणारा प्रोग्रॅम त्याने चालू ठेवलेला नसावा. परवानाधारक साइट्स असल्या लोकांना शोधून काढून टाकतात, पण खात्री कोणी देत नाही. एखादा समोरचा अजिबात न चुकता खेळतोय असं वाटलं तर उठा.

तीन आठवडे नुसता हरतोय. मी वाईट खेळतोय की पानंच पडत नाहीत?

एवढ्या डावांवरून ते सांगता येत नाही. का, ते आकड्यांत पाहू.

शंभर डावांमागे सरासरी पाच बिग ब्लाइंड जिंकणारा खेळाडू चांगला म्हणावा असा असतो. आता शंभर डावांमागचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीच्या वरखाली होणारी हेलकाव्याची मोजणी, हेड्स-अप नो-लिमिटसाठी १३० बिग ब्लाइंड धरा. दहा हजार डावांत या खेळाडूने ५०० ब्लाइंड जिंकायला हवेत, पण हेलकावा १,३०० ब्लाइंडचा आहे. म्हणजे दहा हजार डाव चांगलं खेळूनही तो तोट्यात असण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. एक लाख डावांनंतरही ती सुमारे ११ टक्के उरते. रोज एक तास खेळणाऱ्याला दहा हजार डाव व्हायला दोन महिने लागतात. तुमचे तीन आठवडे त्याच्या निम्मेही नाहीत.

दहा डॉलर अधिक पन्नास सेंट फीचा दोघांचा सामना खेळत असाल तर ५२.५ टक्के जिंकलात की बरोबरी. ५४ टक्के जिंकणारा नफ्यात असतो, पण हजार सामन्यांत एकदा तरी ओळीने आठ हरण्याची त्याची शक्यता दोन-तृतीयांशाच्या आसपास येते. आठव्या हारेनंतर त्याने खेळ बदलला तर बरोबर चाललेली गोष्ट तो हाताने मोडतो.

म्हणून निकालाऐवजी निर्णय तपासा. मी साधी दोनशे पानी वही वापरतो. डाव्या पानावर निर्णय: पॉट किती, मला किती भरायचं होतं, त्याच्याकडे काय काय असू शकतं असं वाटलं, मी काय केलं आणि का. उजव्या पानावर निकाल. तपासताना उजवं पान झाकून ठेवतो. दर बैठकीचे तीन अवघड डाव, जास्त नाही. पंधरवड्याने वाचलं की स्वतःचं वागणं दिसायला लागतं. मला माझं दिसलं ते असं: पडतीत मी रिव्हरवर मोठा बेट आला की कॉल करायचो, आणि डाव्या पानावर कारण लिहिलेलं असायचं, 'दर वेळी याच्याकडे कसं असेल?' हे कारण नव्हतं, तो राग होता. नशिबाच्या नावावर मी जे खपवत होतो त्यातला बराच हिस्सा त्या एका सवयीचा होता.

माझे एक्के नेहमी फुटतात. साइटच पानं फिरवते का?

एक्क्यांची जोडी बादशहांच्या जोडीपुढे ८२ टक्के वेळा टिकते, म्हणजे पाचांत जवळजवळ एकदा हरते. ८० टक्क्यांची बाजू सलग पाच वेळा जिंकण्याची शक्यता फक्त ३३ टक्के. आणि ऑनलाइन हेड्स-अपला एका टेबलावर तासाला दीडशे-दोनशे डाव होतात. खऱ्या टेबलावर आठवडाभरात जेवढे धक्के बसतील तेवढे इथे एका संध्याकाळी बसतात. परवाना असलेल्या साइटची पानं वाटण्याची यंत्रणा बाहेरून तपासली जाते. परवाना नसलेल्या साइटबद्दल मी काही बोलणार नाही, तिथे खेळूच नये.

टिल्ट म्हणजे राग येणं का? मला राग येत नाही, तरी पैसे जातात.

टिल्ट म्हणजे मनःस्थितीमुळे खेळ बिघडणं. राग हा त्याचा एक प्रकार, सगळ्यांना दिसणारा. दुसरा शांत असतो. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यायचं, तसं एक-दोन मोठे पॉट गेले की माणूस चांगल्या हातावरही नुसता चेक करत (काही न लावता पाळी पुढे ढकलत) बसतो, ब्लफ करणं सोडून देतो. चेहरा शांत, खेळ भेदरलेला. समोरच्याला हे पंधरा मिनिटांत कळतं. मग तो दर फ्लॉपवर अर्ध्या पॉटचा बेट टाकतो. तुम्ही तीनातून एकदा सोडलंत तरी त्याची बरोबरी, आणि भेदरलेला माणूस तीनातून दोनदा सोडतो.

तिसरा प्रकार म्हणजे 'बरोबरी झाली की उठतो'. या वाक्यात रात्रीचे दोन वाजतात. मी स्वतःला घातलेला नियम: तीन बाय-इन (एका वेळी टेबलावर घेऊन बसायची रक्कम, इथे शंभर बिग ब्लाइंड) गेले की टेबल बंद, आणि दोन तास झाले की टेबल बंद, मग पुढे असो वा मागे. नियम बसण्याआधी कागदावर लिहायचा. खेळताना केलेला कुठलाही नवा नियम त्या रात्री धरायचा नाही.

सलग जिंकतोय तेव्हा तर काही करायचं नसतं ना?

हा प्रश्न मला फार कमी लोक विचारतात, आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. हरताना माणूस निदान शोधतो, विचारतो, थांबतो. जिंकताना तो काहीच तपासत नाही.

वरचा हिशेब उलटा करून बघा. शंभर डावांमागे पाच ब्लाइंड हरणारा, म्हणजे खरोखर कमी पडणारा खेळाडूही दहा हजार डावांनंतर नफ्यात असण्याची शक्यता तीच, सुमारे ३५ टक्के. त्या दोन महिन्यांत त्याला खेळ जमल्याची मनापासून खात्री पटलेली असते. तो वरच्या रकमेच्या टेबलावर जातो. तिथे समोरचे जास्त तयार असतात, आणि त्याच्या चुका आता दुप्पट भावाने विकल्या जातात.

माझ्याबाबतीत घडलं ते सांगतो. एका हिवाळ्यात अडीच आठवडे मी जवळजवळ रोज जिंकत होतो. रक्कम दोनदा वाढवली. मग पडती लागली, आणि तीन महिन्यांची कमाई नऊ दिवसांत गेली. पुढे शांत बसून वही उघडली तर पडतीच्या नऊ दिवसांचे डाव भरगच्च लिहिलेले होते, आणि त्याआधीच्या अडीच आठवड्यांची पानं कोरी होती. एक ओळसुद्धा नव्हती. लिहायची गरजच वाटली नव्हती. नंतर साइटवरून जुने डाव काढून पाहिले, तर चढतीत मी बिग ब्लाइंडवरून जवळजवळ प्रत्येक हात खेळत होतो, वाटेल त्या पानांवर समोरच्याच्या रेजवर पुन्हा रेज करत होतो, आणि पानं पडत होती म्हणून ते खपत होतं. पडतीत मी तेच केलं. खेळ बदललाच नव्हता, फक्त पानं पडायची थांबली होती.

तेव्हापासून जिंकलेल्या बैठकीनंतर वही आधी उघडतो. सगळ्यात मोठा जिंकलेला पॉट घेतो आणि विचारतो की रिव्हरचं पान वेगळं आलं असतं तर याच निर्णयाला मी काय म्हटलं असतं. आणि रक्कम वाढवायचा निर्णय चढतीत घेत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी, न खेळता, चहा घेताना घेतो.

बँकरोल, म्हणजे खेळासाठी वेगळी ठेवलेली रक्कम, किती हवा?

पन्नास बाय-इन, आणि तेही असे की गेले तरी घरभाड्याला धक्का लागणार नाही. शंभर डावांमागे पाच ब्लाइंड जिंकणाऱ्या वरच्याच खेळाडूचा हिशेब: वीस बाय-इन घेऊन बसला तर कधी ना कधी सगळे जाण्याची शक्यता सुमारे ३१ टक्के, पन्नास असतील तर सुमारे ५ टक्के. तोही जिंकणारा खेळाडू, हे विसरू नका. हरणाऱ्याला कुठलाच बँकरोल पुरत नाही.

मोठ्या खेळाडूंनाही अशी पडती लागते?

फिल गालफॉन्डने जानेवारी २०२० मध्ये पॉट-लिमिट ओमाहाचं (हातात चार पानं आणि बोली पॉटएवढीच, अशा पोकरचं) हेड्स-अप आव्हान घेतलं, ब्लाइंड १०० आणि २०० युरो, एकूण २५,००० डाव. समोर 'वेनिविडी१९९३' या नावाने खेळणारा. पंधरा बैठकांत गालफॉन्ड सुमारे नऊ लाख युरोंनी मागे गेला, तेही सगळ्या जगासमोर. तिथे तो थांबला. काही आठवडे सामना बंद ठेवला, मार्चमध्ये परत आला आणि एप्रिलमध्ये शेवटच्या डावापर्यंत झुंजून १,६७१ युरोंनी पुढे राहिला. लोक त्याचं परतणं लक्षात ठेवतात. मला त्याचं थांबणं मोठं वाटतं.

उलट उदाहरण डॅनियल नेग्रानूचं. डग पोक विरुद्धच्या सामन्यात नोव्हेंबर २०२० मध्ये पहिल्या दिवशी नेग्रानू पुढे होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये २५,००० डाव पुरे झाले तेव्हा तो सुमारे १२ लाख डॉलरने मागे होता.

एकाच माणसाशी सतत हरतो. जिद्दीने बसू का?

नको. हेड्स-अपमध्ये तुम्ही जगात कितवे आहात याला महत्त्व नाही, समोरच्यापेक्षा बरे आहात का एवढंच बघायचं. मान दुखावली म्हणून बसणं हाही टिल्टच.

घरी सांगावं का?

हो, आकड्यासकट. माझ्या बायकोला माझ्या खात्यातली रक्कम कधीही बघता येते. जो आकडा लपवावासा वाटतो, तो आपल्याला झेपण्यापलीकडे गेलेला असतो. उसने पैसे काढून खेळणं, हरलेलं लपवणं, कामावर असताना डाव डोक्यात फिरणं यांतलं काही होत असेल तर वर लिहिलेली वही-बिही बाजूला ठेवा आणि मदत घ्या. भारतात टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. ब्रिटनमध्ये गॅमस्टॉपवर नोंद केली की परवानाधारक साइट्स तुम्हाला बंद होतात. न्यू जर्सीत स्वतःला एक किंवा पाच वर्षं बाहेर ठेवण्याची सोय आहे. हे करणारा माणूस मला ठाऊक आहे, आणि त्याच्याबद्दल मला आदर आहे.

चार मित्र आहोत, पुण्यातच. पैसे न लावता खरं कोण सरस ते बघता येईल?

एका दुपारीत सरस कोण ते ठरणार नाही, पण खेळातला फरक दिसेल. लिब्राटसच्या सामन्याची युक्ती घरी करा. चौघांच्या दोन जोड्या करा आणि प्रत्येक खोलीत दोन्ही जोड्यांतला एकेक समोरासमोर बसवा. दोन खोल्या, पत्त्यांचे दोन कॅट, आणि पानं लावायला पाचवा जण. त्याने एक कॅट पिसावा, वरची नऊ पानं बघावीत (दोघांची दोन-दोन आणि मधली पाच) आणि दुसऱ्या कॅटमध्ये तीच नऊ त्याच क्रमाने वर लावावीत. एका खोलीत तुमच्या जोडीदाराला जी पानं जातील, ती दुसऱ्या खोलीत तुमच्यासमोरच्याला जावीत, बटणासकट. प्रत्येक डावाला सगळ्यांच्या चिप्स पुन्हा दोनशे ब्लाइंडवर आणा आणि प्रत्येक डावाचा निकाल लिहा. तीस डावांना एक रविवार दुपार लागते. मग दोन्ही खोल्यांचे कागद शेजारी ठेवा, आणि एकाच पानांवर एकाने चाळीस ब्लाइंड काढले तिथे दुसऱ्याने सहाच का काढले, ते बोला.